नदी उतरली नाही तो उन्हाळा

पावसाळ्यात कोणी नदीत बुडालं तर आमच्या गावात त्याचे दिवस लगेच घालत नसत. नदी उतरायची वाट बघत. आमची नदी घाटातून खाली येते. आषाढ-श्रावणात तिचं पाणी लाल, फेसाळ, गावाच्या वडापर्यंत चढलेलं असायचं. शिमग्याला तीच नदी डबक्यांची एक ओळ होऊन जायची आणि चैत्र-वैशाखात वाळूवरून चालताना पाय भाजायचे. वाळूत हातभर खड्डा खणला की त्यात पाणी पाझरायचं, तेवढीच काय ती नदी. गावाखाली वळणावर एक मोठा कोंड, म्हणजे खोल डोह, होता. तो तेवढा शेवटपर्यंत टिकायचा आणि वैशाखात त्यातही मांडीएवढंच पाणी उरायचं. बाया त्यात घोंगड्या धूत. नदीने वर कुठेही माणूस ओढून नेला तरी तो या कोंडात, खडकाच्या कपारीखाली, सापडायचा. माझ्या लहानपणी एक म्हातारा असाच सापडला होता. त्याच्या नातवाने हाडं गोळा केली, वरच्या माळावर अग्नी दिला, आणि मगच त्याच्या म्हातारीने बांगड्या फोडल्या. म्हातारी माणसं म्हणायची, ‘नदी कुनाला ठेवून घेत नाय. ज्याचं त्याला देते.’ पुढे कॉलेजात गेल्यावर मला कळलं की त्या वळणावर प्रवाह गरगरतो, त्याचा जोर मोडतो, म्हणून जड वस्तू तिथे तळाला बसतात. पण तेव्हा आम्हाला तो नदीचा शब्द वाटे, आणि दिलेला शब्द ती पाळत आली होती.

घरात आम्ही पाच माणसं. वडील, ज्यांना मी बा म्हणे, आई, बाचा धाकटा भाऊ गोविंदकाका, त्याची बायको चंद्राकाकी आणि मी. कारवीच्या कुडाचं, शेणाने सारवलेलं घर, पुढे पडवी, पडवीच्या एका अंगाला दोन म्हशी. पहाटे आई आणि काकी उखळावर भात कांडायच्या. दोन मुसळं आळीपाळीने पडत. त्या आवाजानेच मला जाग येई. काकीचं मुसळ हलकं पडायचं, कारण ती तेव्हा एकोणीस-वीस वर्षांची पोरसवदा बाई होती. ती पोशीर गावची. आमच्यात धाकट्या भावाच्या बायकोने थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायचं नाही असा रिवाज होता. त्यामुळे मी घरी असलो की बा आणि काकी यांच्यामधलं सगळं बोलणं माझ्यामार्फत चाले. दोघंही एकाच चुलीपाशी बसलेली, मध्ये मी. काकी म्हणायची, ‘सख्या, थोरल्या भावजींना इचार, आनखी भाकरी वाढू का.’ बा तिने विचारलेलं ऐकत असे, तरी मी विचारीपर्यंत गप्प बसे, आणि मग म्हणे, ‘अर्धी वाढ म्हनावं.’ मी म्हणे, ‘अर्धी.’ गोविंदकाका हसत हसत म्हणायचा, ‘सख्याला कर्जतच्या शाळंत कशाला धाडला? हितंच कचेरीत बसलाय की. दोन्ही पक्षांचा वकील.’

मी कर्जतला इंग्रजी शाळेत जात होतो. आठवडाभर तिथल्या एका मास्तरांच्या ओसरीवर राहायचं, त्यांच्या घरचं पाणी भरायचं, देवपूजेची फुलं आणायची, आणि शनिवारी चालत घरी. त्या मास्तरांनी मला जेवू घातलं आणि शिकवलंही, आणि दोन्हींत कधी हात आखडला नाही. आज मी जो काही आहे त्यातला मोठा वाटा त्यांचा आहे, हे या प्रकरणात पुन्हा एकदा लिहून ठेवतो. शनिवारी घरी आलो की मी नवं काय शिकलो ते सांगायचो आणि काका त्याची टर उडवायचा.

त्या वर्षांत घाटाच्या पायथ्याशी मोठं काम चाललं होतं. वर मावळात धरण बांधून पाणी अडवलं होतं. डोंगर पोखरून, लोखंडी नळांतून ते खाली आणायचं आणि पायथ्याच्या वीजघरातली यंत्रं त्यावर फिरवायची, असं ते काम. दुपारी सुरुंग उडत. आधी जमिनीतून एक धक्का यायचा, फळीवरची पितळी थाळी थरथरायची, आणि मग आवाज. आई लोणच्याच्या बरणीवर हात ठेवून उभी राहायची. कातकरवाडीचे लोक सांगत, वरचा ससा आणि भेकर खाली उतरून पळाले. धरणाला माणूस लागतो अशी कुजबुज होतीच. मला अधिक भीती वाटे ती नळांची. डोंगराच्या अंगावर उभे ठेवलेले ते काळे नळ आमच्या खळ्यातून दिसत. त्यांच्यात अजून पाणी नव्हतं, पण वारा सुटला की ते घुमत.

एकदा मी घरी सांगितलं की वीजघरातून सुटलेलं पाणी पुढे आपल्याच नदीत येणार, आणि बाराही महिने येणार. काका वालाच्या शेंगा सोलत बसला होता. तो म्हणाला, ‘यील की. येऊ दे. पन त्याच्यात राम नसनार.’

‘का?’

‘अरं, त्यातली वीज काढून घेतल्यावर मागं राहतंय काय? दही घुसळलं, लोनी काढलं, खाली उरलं त्याला काय म्हंत्यात?’

‘ताक,’ मी म्हणालो.

‘मग? मुंबईवाले लोनी नेनार आनि आपल्याला ताक. त्या पान्यानं भात पिकत नाय आनि त्याला जोरबी नसतो. नुसतं आपलं येतंय, जातंय.’

मी मास्तरांकडून शिकलेलं सांगून पाहिलं, की पाण्यातून काही निघत नाही, फक्त त्याच्या पडण्याचा जोर वापरतात. बाने माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, ‘जोरच घेतला म्हंतोस ना? मग गोविंदा तरी येगळं काय बोलला?’ काकी तोंडाला पदर लावून हसत होती. घरात सगळ्यांना एकत्र हसताना पाहिल्याची माझी ती शेवटची आठवण आहे.

पुढच्याच आषाढात काका गेला. नदीपलीकडे आमचा एक तुकडा होता, तिथली लावणी संपवून तो म्हशीला घेऊन परतत होता. पुरात नदी ओलांडायची आमच्याकडची रीत अशी, की म्हशीला पाण्यात घालायची आणि तिची शेपटी धरून आपण मागे तरंगत यायचं. म्हैस बुडत नाही आणि वाट चुकत नाही. बा, काका, मीसुद्धा असे कितीदा आलो होतो. त्या संध्याकाळी म्हैस आली. वडाखाली चढली, अंग झाडलं, आणि रोजच्यासारखी आपल्या खुंट्यापाशी येऊन उभी राहिली. आईने तिच्यापुढे पेंढा टाकला. काकी काकासाठी पाणी तापवत होती. थोड्या वेळाने ती पडवीत आली, म्हशीकडे पाहिलं, म्हशीच्या मागे पाहिलं, आणि तशीच पावसात बाहेर पडली.

गाव चार दिवस काठाने फिरला. काही सापडलं नाही आणि सापडेल अशी अपेक्षाही नव्हती. कडावचे भटजी म्हणाले, देह मिळाला नाही तर दर्भाचा पुतळा करून अग्नी देता येतो, शास्त्राला ते मान्य आहे. बाने मान हलवली. ‘गवताला काय म्हनून जाळू?’ तो म्हणाला. ‘नदी शिमग्याला उतरंल. तवा त्याला मी आनीन, माझ्या हातानं आनीन, आनि मग काय ते करू.’ गावालाही ते पटलं. पिढ्यान् पिढ्या तसंच होत आलं होतं. पोशीरहून काकीचा भाऊ रामा आला होता. आमच्यात विधवेचा पाट लागतो, म्हणजे तिचं दुसरं लग्न होतं, आणि बहिणीचं वय त्याच्या डोळ्यांपुढे होतं. पण तोही म्हणाला, ‘शिमग्यापर्यंत थांबू. तवर ती हितंच राहू दे, तिच्या घरात.’ अशा रीतीने काकी तशीच राहिली. कपाळाला कुंकू, गळ्यात पोत, हातात बांगड्या. तिला कोणी सवाष्ण म्हणून ओटी भरायला बोलवेना आणि विधवा म्हणून टाळताही येईना. गौरी आल्या तेव्हा शेजारच्या बाईने हळदीची वाटी पुढे केली आणि मध्येच हात थांबवला. काकीने तो थांबलेला हात पाहिला आणि स्वतःच मागे झाली.

भात कापून झाला. सुरुंग कधीचे बंद झाले होते. मोठी यंत्रं अजून सुरू झाली नव्हती, पण दिवाळीच्या सुमारास डोंगराच्या पायथ्याशी दिव्यांची एक रांग दिसू लागली. तेलाच्या दिव्यासारखी ती हलत नसे. गावातली माणसं खळ्यात उभी राहून तिच्याकडे बघत राहत. नदी मात्र नेमाने उतरत होती. काठाजवळ पाण्यात एक उभा धोंडा होता, त्यावरून आम्ही पाणी ओळखत असू. कार्तिकात त्याचा माथा दिसला, मार्गशीर्षात तो निम्मा उघडा पडला. बा रोज सकाळी जाऊन बघून यायचा. घरी आला की काकी चुलीपाशी असली तरी काही विचारत नसे; मी सुट्टीला घरी असलो की तो माझ्याकडे बघून म्हणे, ‘अजून हातभर गेलं.’ ते माझ्यासाठी नसायचं.

पौषातल्या एका शनिवारी मी घरी आलो तर बा पडवीत नुसता बसलेला. एरवी हा माणूस रिकामा बसत नसे. मला घेऊन तो नदीवर गेला. धोंडा पुन्हा पाण्याखाली गेला होता. वर आकाश निरभ्र, डोंगरावर ढगाचा ठिपका नाही, आणि नदी भरून वाहत होती. पाणी लाल नव्हतं, गढूळ नव्हतं. तळाचे गोटे दिसत होते. पुराचा आवाज असतो. या पाण्याला आवाज नव्हता. बाने ओंजळभर पाणी घेतलं, तोंडात घोळवलं आणि थुंकलं. ‘थंड हाय,’ तो म्हणाला. ‘पौषातल्या पान्यापरीस थंड.’ मग काठावर उकिडवा बसला. मी म्हणालो, ‘बा, हे वीजघराचं पाणी.’

‘किती दिस येनार?’

‘आता कायमच.’

‘म्हंजे शिमग्याला बी?’

मी होय म्हणालो. तो माझ्याकडे अशा नजरेने बघू लागला की जणू मी हे शाळेत शिकून आलो म्हणूनच ते खरं झालं होतं.

माघ गेला, शिमगा आला. गावाने होळी पेटवली, पण वाळूत जो खेळ व्हायचा तो झाला नाही, कारण वाळूच नव्हती. बायांनी ते पाणी प्यायला नेलं नाही. त्यातलं सत्त्व गेलंय, पोरांना मानवायचं नाही, असं म्हणून त्या लांबच्या विहिरीवर जात. गुरं मात्र प्यायली आणि त्यांना काही झालं नाही. काकी दुपारी कोंडाच्या काठी जाऊन बसू लागली. आधी भांडी घासायचं निमित्त होतं, मग निमित्तही राहिलं नाही. आई मला म्हणाली, ‘सख्या, तू घरी असशील तवा तिच्यासंगं जाऊन बस रं.’ मी जाऊन बसू लागलो. एकदाच काकी म्हणाली, ‘इतकं नितळ हाय, तरी दिसत कसं नाय?’ कोंडाचं पाणी खाली हिरवं-काळं दिसायचं आणि मधूनमधून तळातून एखादा बुडबुडा वर यायचा. ती त्या बुडबुड्यांकडे बघत असायची. त्याच सुमारास मला कळलं की झोपताना आई आपला पदर काकीच्या पदराला गाठ मारून बांधते.

त्या दिवसांत वाल तयार झाला होता. शेतात शेंगांची पोपटी लावली. शेंगा आणि भांबुर्ड्याचा पाला यांनी मडकं भरायचं, उलटं ठेवून भोवती जाळ करायचा. काकाला पोपटी फार आवडायची. आईने मुद्दाम लावली, काकीने चार घास खावे म्हणून. मडकं फोडलं, वाफ आली, सगळे हात पुढे झाले. काकी उठली आणि बाच्या समोर येऊन उभी राहिली. डोक्यावरचा पदर तिने नीट केला आणि सरळ त्याच्याशी बोलली, माझ्यामार्फत नाही.

‘तुमी म्हनला होता, शिमग्याला आनीन. पानी उतरत नसंल तर मी खाली जाऊन बघते. मला घरात अशी कवर ठेवता?’

हे ती ओरडून बोलली नाही. भाकरी वाढू का विचारावं तशा आवाजात बोलली. आईच्या हातातली शेंग खाली पडली. बाने तिच्याकडे पाहिलं नाही, रिवाजाप्रमाणे पाहायचं नव्हतं. खाली मातीत बघत तो म्हणाला, ‘आट दिस दे. मी जाऊन येतो.’

सोमवारी तो माझ्याबरोबर कर्जतला आला. मास्तरांना सगळं सांगितलं. मास्तर म्हणाले, ‘अर्जबिर्ज नको. कागद वाचायला माणसाला सवड लागते, माणूस समोर उभा राहिला की त्याला ऐकावं लागतं. सखाराम, तू बोल. घाबरू नकोस आणि इंग्रजी फाडू नकोस.’ त्यांनी मला शाळेतून सुट्टी दिली आणि आम्ही वीजघराकडे निघालो.

जवळ जाताच पायांना आधी कळलं. जमीन बारीक थरथरत होती, आणि ती थांबत नव्हती. बाने पायताण काढून हातात घेतलं. देवळापाशी काढतात तसं. शिपायाने बरंच ताटकळत ठेवून मग आत सोडलं. साहेब पुण्याकडचे होते, टोपी घातलेले, डोळ्यांखाली जागरणाचं काळं. मी जे पाठ केलं होतं ते बोललो. काका आषाढात बुडाला. आमच्याकडे नदी आटल्यावर माणूस सापडतो. नदी आता आटत नाही. काकी तशीच आहे. एक दिवस पाणी बंद ठेवावं.

साहेबांना प्रथम काही कळलंच नाही. ‘आमच्या पाण्यात बुडाला?’ त्यांनी विचारलं.

‘नाय साहेब,’ बा म्हणाला. ‘तुमच्या पान्याच्या आधी. पावसाच्या पान्यात. तुमच्यावर आमचं काय नाय.’

‘मग आम्ही काय करणार?’

‘तुमचं पानी येक दिस मागं घ्या. आमी आमचं मानूस काढून घेतो, मंग सोडा.’

साहेब थोडे हसले, पण वाईट हसले नाहीत. म्हणाले, ‘बाबा, इथलं पाणी थांबलं की मुंबईतल्या गिरण्या थांबतात. हजारो माणसं हातावर हात ठेवून बसतील. तुझ्या एका माणसासाठी ते थांबवू?’

बा म्हणाला, ‘येकासाठी नाय साहेब. तो तर गेला. घरात दुसरं तयारीत हाय.’

मला ते वाक्य आजही जसंच्या तसं ऐकू येतं. भिंतीपलीकडे यंत्रांचा घोष चालू होता, टेबलावरच्या पेल्यातल्या पाण्यावर बारीक कडी उठत होती. मग साहेब म्हणाले की उन्हाळ्यात दुरुस्तीसाठी एक दिवस यंत्रं बंद ठेवावी लागतात, सकाळपासून दुपार कलेपर्यंत. तेव्हा ते गावात माणूस पाठवतील. ‘पण भोंगा झाला की नदीत कोणी राहायचं नाही. मग तुमचं माणूस सापडो वा न सापडो. हे मला तुझ्याकडून वचन हवं.’ बाने वचन दिलं. निघताना त्याने त्या थरथरत्या भिंतीवर तळहात ठेवला आणि क्षणभर तसाच उभा राहिला.

माणूस आला तो वैशाखात. गावातलं झाडून सगळं माणूस त्या सकाळी काठावर होतं. ऊन चढलं तशी नदी खाली जाऊ लागली. मी नदी उतरताना महिने महिने पाहिली होती, अशी डोळ्यांदेखत उतरलेली कधी पाहिली नव्हती. धोंडा वर आला, गोटे वर आले, हिरवं शेवाळ उन्हात चकाकू लागलं. डबक्यांत मासे तडफडू लागले आणि पोरं टोपल्या घेऊन धावली. त्यांना कोणी रागावलं नाही. पण कोंड उतरला नाही. आम्ही सगळ्यांनी हिशेब धरला होता तो जुन्या नदीचा. ती हळूहळू आटायची आणि कोंड तिच्यामागून महिनाभर आटत राहायचा. एका सकाळीत कोंड रिकामा होत नाही, हे कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यात दोन पुरुष पाणी तसंच उभं होतं.

पुरुषांनी वरच्या अंगाला वाळू-दगडांचा बांध घातला आणि रांगा करून पाणी उपसायला सुरुवात केली. डबे, घमेली, शेणाने सारवलेल्या टोपल्या, जे मिळेल ते. कोणाला दम खायची उसंत नव्हती. रामाही पोशीरहून आला होता, सदरा काढून तो सगळ्यांच्या पुढे होता. काकी खडकावर बसून होती आणि आई तिला धरून. दुपार झाली तेव्हा पाणी छातीपर्यंत खाली आलं, पण कपारीखालचा खळगा तसाच भरलेला. कातकरवाडीचा बुध्या, जो त्या कोंडात लहानपणापासून मासे धरत आला होता, पुन्हा पुन्हा बुडी मारत होता. वर यायचा, चिखल थुंकायचा, मान हलवायचा.

‘कपारीत लाकडं अडकल्यात,’ तो म्हणाला. ‘माझा हात पुढं जात नाय.’

‘अजून येकदा,’ बा म्हणाला.

बुध्या पुन्हा गेला. या वेळी बराच वेळ वर आला नाही. आला तेव्हा त्याच्या हातात एक लांब हाड होतं, काळं पडलेलं, आणि दुसऱ्या हातात दोन-तीन तुकडे. त्याने ते खडकावर ठेवले आणि बाच्याकडे पाहिलं. सगळे जवळ आले.

बाने ते लांब हाड उचललं. अंगठ्याने त्यावरचा गाळ पुसला. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पाहिलं. तो जन्मभर गुरांत वावरलेला माणूस होता, आणि तिथे उभा असलेला प्रत्येक जण तसाच होता. मी शाळकरी पोर, पण गुरांमागे मीही हिंडलो होतो. पुरात दर साल गुरं वाहून येत आणि याच कोंडात थांबत, हे आम्हाला कोणी शिकवायला नको होतं. बुध्याने तोंड उघडलं. बाने त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि बुध्याने ते मिटलं.

‘गवसला माझा भाऊ,’ बा म्हणाला.

त्याने डोक्याचं मुंडासं सोडलं, हाडं त्यात ठेवली आणि गाठ बांधली. रामाने खाली बघून हात जोडले. मग एकेका माणसाने जोडले. कोणीतरी हुंदका दिला आणि त्याबरोबर बायांनी गळा काढला. काकी खडकावरून उतरून आली, त्या गाठोड्याला तिने हात लावला, वरून चाचपलं, आणि बराच वेळ हात तसाच ठेवला. तेवढ्यात डोंगराकडून भोंगा ऐकू आला. बाने वचनाप्रमाणे सगळ्यांना बाहेर काढलं. आम्ही वर माळावर पोचलो तेव्हा खाली पाणी आलेलं होतं. पोरांनी वाळूत काढलेली पावलं, आमचा बांध, टाकून दिलेल्या टोपल्या, सगळ्यावरून ते आवाज न करता पसरलं. तेव्हापासून आजपर्यंत तो कोंड कोणी तसा पाहिलेला नाही.

माळावर अग्नी दिला. काकीने बांगड्या फोडल्या. भटजींनी मंत्र म्हटले, त्यांनीही काही विचारलं नाही. पुढे कॉलेजात प्राणिशास्त्राच्या खोलीत हाडांचे सांगाडे टांगलेले असत. माझे सोबती त्यांपुढे थांबून नावं पाठ करायचे. मी तिथून लवकर बाहेर पडायचो. त्या दिवशी अख्ख्या गावाने मिळून जे केलं त्याला खोटं म्हणायचं का, यावर मी पुष्कळ वाचलं, पुष्कळ विचार केला. माझं शिक्षण त्या प्रश्नाला पुरलं नाही.

आणि हेही सांगायला हवं, की ते शिक्षण त्याच पाण्यावर झालं. दोन-तीन वर्षांत पाण्याचे पाट निघाले, लोकांची भीती मोडली. सत्त्व गेलेल्या त्या पाण्यावर उन्हाळ्यात दुसरं भात उभं राहिलं. वैशाखात हिरवी शेतं बघून बाहेरगावचे पाहुणे थक्क होत. बाने त्या भातातून मला मुंबईला धाडलं. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. त्या पाण्याला मी कृतघ्नपणे काही बोलू शकत नाही. बा स्वतः मात्र उन्हाळी तांदूळ खात नसे. विचारलं तर म्हणे, पचत नाही.

काकीचा पाट त्याच वर्षी पोशीरच्या एका बिजवराशी ठरला. माणूस चांगला होता, पुढे तिला मुलं झाली, मी त्यांना पाहिलं आहे. रामा गाडी घेऊन तिला न्यायला आला तो पावसाच्या तोंडावर. आईने तिची ओटी न भरता नुसता नारळ तिच्या हातात दिला आणि दोघी रडल्या. बा गाडीपाशी, जुवावर हात ठेवून उभा होता, चार हातांच्या अंतरावर. काकी गाडीत बसली, पदर सारखा केला, आणि मला जवळ बोलावलं.

‘सख्या, थोरल्या भावजींना सांग,’ ती म्हणाली, ‘दर अवसंला कोंडात निवद सोडीत जा म्हनावं. भात आनि वालाचं बिरडं. त्यांना थंड आवडायचं नाय, ऊन ऊन सोडा म्हनावं.’

मी बाच्याकडे वळलो. तो बैलाच्या पाठीवरची माशी हाकत होता.

‘सोडतो म्हनावं,’ बा म्हणाला.